लादलेली लाज व खरा पश्चात्ताप



एखाद्याचें पाप उघडकीस आलें, त्याला चारचौघांत उभें केलें व त्याची मान खालीं गेली, कीं मंडळीचें काम संपलें असें पुष्कळांस वाटतें. लाज वाटली म्हणजेच पश्चात्ताप झाला, असें आपण धरून चालतों. हें मत पारखून पाहण्यासाठीं आज आम्ही नथॅनिएल हॉथॉर्न ह्या अमेरिकन ग्रंथकाराची 'द स्कार्लेट लेटर', म्हणजे 'लाल अक्षर', ही १८५० सालीं प्रसिद्ध झालेली कादंबरी आपणांपुढें ठेवीत आहों.

हॉथॉर्नचा जन्म १८०४ सालीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील सेलम गांवीं झाला. १८१३ सालीं मुंबईस उतरलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट ह्यांची दीक्षाही १८१२ च्या फेब्रुवारींत ह्याच सेलममध्यें झाली होती. सतराव्या शतकांत इंग्लंडांतून येऊन त्या प्रांतांत वसलेले प्युरिटन लोक प्रार्थनाशील व उद्योगी होते. परंतु पाप आणि गुन्हा ह्यांमधील सीमा त्यांच्या कायद्यांत फार पुसट होती. १६९४ सालच्या तेथील कायद्याप्रमाणें व्यभिचार करणारास गळ्यांत दोर अडकवून एक तास फांशीच्या चौथऱ्यावर बसवीत, फटके मारीत, आणि त्यानें दोन इंच उंचीचें 'ए' हें इंग्रजी अक्षर कपड्यावर बाळगावें असें ठरवीत. तें अक्षर म्हणजे त्या पापाच्या इंग्रजी नांवाचें आद्याक्षर होय.

कादंबरीची कथा १६४२ च्या सुमाराच्या बॉस्टन नगराची आहे. हेस्टर प्रिन ही तरुण स्त्री नवऱ्याच्या आधीं तेथें आली. नवऱ्याचा पत्ता लागेना, आणि तिला मूल झालें. अधिकाऱ्यांनीं तिला तान्ह्या मुलीसह चौकांतील शिक्षेच्या चबुतऱ्यावर तीन तास उभें केलें व लाल कापडाचें तें अक्षर जन्मभर उरावर वागविण्यास लाविलें. मुलीच्या बापाचें नांव सांग, असा तिला उपदेश झाला. तिनें तें सांगितलें नाहीं. हा उपदेश करणाऱ्यांत आर्थर डिम्सडेल नांवाचा तरुण पाळक होता, आणि मुलीचा बाप तोच होता.

पुढें सात वर्षें गेलीं. हेस्टर शिवणकाम करून पोट भरी, आजाऱ्यांच्या बिछान्यापाशीं रात्र काढी व गरिबांस अन्नवस्त्र देई. त्या 'ए'चा अर्थ 'समर्थ' असा घ्यावा, असें लोक म्हणूं लागले. कारण इंग्रजींत तो शब्दही त्याच अक्षरानें सुरू होतो. तरी ह्याचें श्रेय ग्रंथकार शिक्षेला देत नाहीं. शिक्षेनें तिला एकटें पाडलें व तिचें मन कित्येक बाबतींत कठीण केलें. तिला माणसांत परत आणिलें तें सेवेनें.

डिम्सडेलची गोष्ट याच्या उलट आहे. त्याला कोणीही लाजविलें नाहीं. उपदेशपीठावरून तो म्हणे कीं, मी सर्व पाप्यांत अधम आहें. पण कोणतें पाप केलें तें सांगत नसे. लोक त्यास नम्रता समजत व त्याला अधिकच मान देत. खोलींत तो स्वतःस चाबकानें मारी, उपास करी. परंतु खरें वाक्य त्याच्या तोंडून निघेना. एका रात्रीं नगर झोंपलें असतां तो त्याच चबुतऱ्यावर जाऊन उभा राहिला. तेथें मुलीनें त्यास विचारलें, उद्यां दुपारीं आमच्याबरोबर उभा राहशील काय? तो नाहीं म्हणाला.

उपदेशक बंधूंनो, येथें आपण थांबून विचार करावा. मोघम कबुली हीही लपण्याची जागा आहे. 'आम्ही महापापी आहों' असें प्रार्थनेंत म्हणणें सोपें. पण 'मीं शेजाऱ्याचा बांध कोरला' किंवा 'मीं त्याचे उसने पैसे बुडविले' असें म्हणणें जड जातें.

कथेंत तिसरा एक मनुष्य आहे. तो हेस्टरचा नवरा. तो नांव पालटून, वैद्य होऊन परत येतो व पाळकाच्या घरींच राहून त्याचें गुपित उकरूं लागतो. बरें करण्याची इच्छा त्याला नाहीं, सूड हवा आहे. आणि ह्या उद्योगांत तिघांपैकीं अधिक काळवंडतो तो तोच. शेवटीं लोकांकडून सर्वांत मोठा मान मिळालेल्या दिवशीं डिम्सडेल भर दुपारीं हेस्टरचा व मुलीचा हात धरून चबुतऱ्यावर चढतो, आपलें पाप कबूल करितो व तेथेंच प्राण सोडतो. त्या वेळीं त्यास मागें ओढणारा तो वैद्यच होता. कारण उघड कबुलीनंतर त्याच्या हातीं कांहीं उरणार नव्हतें.

हॉथॉर्नला हा विषय घरचाच होता. १६९२ सालीं सेलमच्या चेटूक प्रकरणांत न्याय करणाऱ्यांमध्यें त्याचा खापरपणजोबा जॉन हा होता. त्या प्रकरणांत १९ जणांस फांशी दिलें. आम्ही चेटूक केलें अशी खोटी कबुली देऊन जे तीवर टिकून राहिले, ते फांशींतून वांचले. ज्यांनीं लबाड बोलण्याचें नाकारिलें ते मेले. जबरीच्या कबुलीचें हें फळ! परंतु त्याच न्यायाधीशांपैकीं सॅम्युएल स्यूअल हा १६९७ सालीं बॉस्टनच्या उपासनामंदिरांत आपल्या जागीं उभा राहिला, आणि पाळकानें त्याची लेखी कबुली सर्वांपुढें वाचली. त्यानें दोष व लाज आपण होऊन पदरीं घेतली.

तात्पर्य हें कीं, लाज बाहेरून लादतां येते, पश्चात्ताप लादतां येत नाहीं. म्हणूनच मत्तय १८ मध्यें प्रभूनें क्रम घालून दिला आहे: आधीं एकांतांत जावें, मग एकदोघांस बरोबर घ्यावें, आणि मंडळीपुढें गोष्ट त्यानंतर. आपण बहुधा शेवटच्या पायरीपासून आरंभ करितों.

विचारासाठीं प्रश्न
१. हेस्टर व डिम्सडेल ह्यांपैकीं अधिक ओझें कोणावर होतें? कां?
२. आपल्या मंडळींत चुकलेल्यास परत येण्याची वाट मोकळी आहे काय?
३. एकांतांत जाऊन बोलण्यापूर्वींच आपण कोणाचें नांव चारचौघांत घेतलें आहे काय?