दात गेले म्हणून आजी-आजोबांना सोडून देऊ नये

"वय झालं, आता दात पडायचेच," असं म्हणून आपल्या घरांत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. भाकरी कुस्करून डाळीत भिजवून दिली की झालं. पण तोंडाच्या आरोग्याचा विसराळूपणाशीही संबंध आहे, असं अनेक अभ्यासांतून दिसू लागलं आहे.

न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ साली १४ अभ्यासांतील ३४ हजारांवर प्रौढांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे जास्त दात पडले होते, त्यांच्यात स्मरणशक्ती आणि समज कमी होण्याचा धोका जवळजवळ दीडपट आढळला. आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. दात गेलेल्यांपैकी कवळी नसलेल्या शंभरांत सुमारे २४ जणांमध्ये ही घट होती, कवळी असलेल्यांत सुमारे १७.

दात गेल्यानेच बुद्धी जाते, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. हिरड्यांच्या रोगातले जंतू आणि सूज रक्तावाटे मेंदूला त्रास देत असावी, असा एक विचार आहे. चावता येत नाही म्हणून शेंगदाणे, काकडी, मटण बंद होतं आणि अंगाला पोषण मिळत नाही, हा दुसरा. उलटही घडतं: विसर पडू लागलेला माणूस दात घासायचंच विसरतो. अशा वेळी घरच्यांनी ब्रश हातात द्यावा.

मिश्रीबद्दल बोलायलाच हवं. आपल्या कित्येक आया-मावश्या ती दातांचं औषध समजून दिवसातून चार वेळा लावतात. तो भाजलेला तंबाखूच आहे. त्याने हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कॅन्सरची भीती वेगळीच. सुनेचं सासू ऐकायची नाही, डॉक्टरांकडून सांगवावं.

हिरडीतून रक्त येत असेल, दात हलत असेल तर थांबू नये. मुंबईत महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. खाजगी दवाखान्यापेक्षा तिथे खर्च बराच कमी येतो. कवळीसाठी चार-पाच खेपा पडतात, म्हणून सोबत कोण जाणार हे आधीच ठरवावं. साखरेच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी न्यावी. कवळी रात्री काढून, ब्रशने घासून पाण्यात ठेवावी. ती टोचू लागली की बरेच जण डबीत टाकून देतात. तसं करू नये, ती घासून, नीट बसवून मिळते.