छापकला आणि लोकमंडळे : बऱ्हाणपूरच्या परंपरेचा बोध

तापीच्या काठी वसलेले बऱ्हाणपूर आज यंत्रमागांचे नगर म्हणून ओळखले जाते. तथापि सतराव्या शतकात या नगराचे नाव दूरदेशी पोहोचले ते येथील तलम सुती वस्त्रांमुळे. फ्रेंच जवाहिऱ्या व प्रवासी तावेर्निये याने आपल्या प्रवासवृत्तात येथील कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पोलंड आणि रशिया या देशांत जात असल्याची नोंद केली आहे. त्यांपैकी काही वस्त्रे विविध रंगांची व फुलांच्या नक्षीची असत. पुढे ही कीर्ती ओसरली. मात्र याच प्रदेशातील धार जिल्ह्यात, बाग या लहानशा गावी, ठशांनी कापड छापण्याची कला आजही चालू आहे. मोठ्या नगरातील कला का मावळली आणि लहान गावातील का टिकली, याचा विचार गावोगावच्या मंडळांना, शिक्षकांना व अधिकाऱ्यांना उद्बोधक ठरेल.

दरबार आणि व्यापार यांचा आश्रय

फारुकी सुलतानांनी वसविलेले बऱ्हाणपूर १६०१ साली अशीरगड पडल्यानंतर मोगलांच्या सत्तेखाली आले आणि दक्षिणेच्या सुभ्याचे प्रमुख ठाणे बनले. सुरत ते आग्रा हा व्यापारी मार्ग येथूनच जाई. दरबाराची मागणी आणि परदेशी व्यापाऱ्यांची खरेदी या दोन आधारांवर येथील विणकर व रंगारी यांचा व्यवसाय उभा होता.

हे दोन्ही आधार दूरच्या लोकांच्या हाती होते. दक्षिणेच्या सुभ्याचे केंद्र पुढे औरंगाबादेस गेले. फ्रान्सने १६८६ साली छापील सुती कापडावर बंदी घातली. इंग्लंडने १७०० व १७२० साली कायदे करून हिंदी चिटांची आयात व वापर यांवर निर्बंध आणले. एकोणिसाव्या शतकात यंत्रावर छापलेले विलायती कापड बाजारात आले आणि स्थानिक कारागिराला स्वस्ताईत त्याची बरोबरी करता येईना.

रंगांचीही तीच गत झाली. खानदेश, वऱ्हाड, निमाड व माळवा या भागांत आल नावाच्या झुडपाची लागवड होत असे. त्याच्या मुळांपासून पक्का तांबडा रंग निघे. आलवण हे तांबड्या वस्त्राचे नाव त्याचीच आठवण देते. १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तांबडा रंग प्रयोगशाळेत सिद्ध केला. त्यानंतर थोड्याच दशकांत आलीची शेती लयास गेली व रंगाचे ज्ञान असलेल्या घरांचा व्यवसाय मागे पडला.

बागची कथा

बाग येथील खत्री कारागिरांचे कापड दीर्घकाळ जवळच्याच लोकांसाठी छापले जात असे. भिल्ल, भिलाला व इतर ग्रामीण समाजांतील स्त्रिया लग्नकार्यात व सणासुदीस ते वापरीत. गिऱ्हाईक आठवडी बाजारात प्रत्यक्ष भेटे, नक्षी ओळखे आणि बिघडलेला ठसा लगेच दाखवून देई. कलेची परीक्षा अशी गावातच होत असे.

येथील कृती सांगण्याजोगी आहे. कापड प्रथम धुऊन हिरड्याच्या पाण्यात बुडवितात. लोखंडाचा कीस व गूळ आंबवून काळा रंग करतात. तुरटी व चिंचोक्याची खळ यांच्या मिश्रणाचा ठसा उमटविला की पुढे त्या जागी तांबडा रंग धरतो. छापलेले कापड वाहत्या पाण्यात धुऊन धावडीच्या फुलांसह रंगाच्या कढईत उकळतात. ठसा लाकडाचा असतो. रेषेचा ठसा निराळा आणि भरणीचा निराळा. एक ठसा दुसऱ्याशी नेमका जुळविणे हेच कारागिराचे कसब होय.

कृत्रिम धाग्यांचे स्वस्त कापड आल्यावर बाग येथेही ही कला संकटात आली. ती सावरली दोन कारणांनी. इस्माईल सुलेमानजी खत्री यांच्यासारख्या कारागिरांनी जुनी नक्षी साड्या, चादरी यांवर आणून नवा ग्राहक मिळविला, आणि शासकीय प्रदर्शने व ‘मृगनयनी’ विक्रीकेंद्रे यांनी बाजारपेठ दिली. तात्पर्य असे की, शासनाचे साहाय्य उपयोगी पडले, कारण साहाय्य मिळेपर्यंत गावाने ती कला जिवंत ठेवली होती.

कागदावरील ठसा

कागदावरील चित्रछपाईची परंपराही मराठी वाचकास अपरिचित नाही. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी चित्रशाळा स्थापन केली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला. प्रत्येक रंगासाठी निराळ्या शिळेवर हाताने चित्र काढून ही शिळाछपाई होत असे. या चित्रांमुळे देवादिकांच्या प्रतिमा सामान्य माणसाच्या घरी पोहोचल्या. पुढे १९३० साली नंदलाल बोस यांनी रवींद्रनाथ ठाकूर यांच्या ‘सहज पाठ’ या बालपुस्तकासाठी लिनोलियमवर कोरलेल्या ठशांची चित्रे केली. मुलांच्या पहिल्या पुस्तकास हाताने कोरलेला ठसा शोभतो, हे त्यांनी दाखवून दिले. भोपाळ येथे १९८२ साली उघडलेल्या भारत भवनातही मुद्राचित्रणाची कार्यशाळा आहे.

शाळा व मंडळांसाठी कृती

हाताने ठसा करण्यास मोठा खर्च लागत नाही. लहान मुलांनी भेंडी, बटाटा व झाडाची पाने यांचे ठसे उमटवावेत. मोठ्या मुलांनी लिनोलियमचा तुकडा घ्यावा. मऊ पेन्सिलीने पातळ कागदावर चित्र काढावे, तो कागद लिनोलियमवर पालथा ठेवून मागून घासावा. त्यामुळे चित्र उलटे उतरते व छापताना सुलटे येते. अक्षरांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. जो भाग कोरा राहावयाचा तेवढाच कोरून काढावा. कोरणी नेहमी धरलेल्या हाताच्या विरुद्ध दिशेस चालवावी. मुले कोरत असताना शिक्षकांनी जवळ असावे.

नंतर काचेवर छपाईची शाई पसरून रुळाने ठशास लावावी. वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने सर्वत्र सारखा दाब द्यावा आणि एका कोपऱ्यापासून कागद सावकाश उचलावा. पंचवीस प्रती काढल्यास तिसऱ्या प्रतीवर पेन्सिलीने ३/२५ असे लिहून खाली सही करण्याचा प्रघात आहे. यामुळे प्रत्येक प्रत मूळ चित्राचाच मान पावते.

प्रसंग हाच आश्रय

बऱ्हाणपूर व आसपासच्या गावांत प्रसंगांची वाण नाही. गणेशोत्सव, तापी जयंती, पोळा, उरूस, शाळांची स्नेहसंमेलने व महिला मंडळांचे हळदीकुंकू हे वर्षभर चालू असते. मराठी, हिंदी, उर्दू व गुजराती बोलणारी कुटुंबे येथे शेजारी नांदतात आणि ठशाच्या चित्रास भाषेची अडचण नसते. परंतु या प्रसंगांचे फलक बहुधा यंत्रावर छापून येतात. चार दिवसांनी ते फाटतात, प्लास्टिकचा कचरा होतात आणि त्यांत गावाच्या हाताची कोणतीही खूण उरत नाही.

प्रत्येक मंडळाने दरवर्षी केवळ एक ठसा करावा. उत्सवाचे निमंत्रण त्यावर छापावे. प्रसंग संपल्यावर तो ठसा धुऊन, पुसून, मागे साल व करणाऱ्याचे नाव लिहून शाळेत किंवा वाचनालयात ठेवावा. दहा वर्षांत दहा ठसे जमतील आणि ते गावाच्या सार्वजनिक जीवनाचे दप्तर ठरेल. गावात रंगारी, छिपा, सुतार अशी वडीलधारी मंडळी असतील तर त्यांना मुलांसमोर सन्मानाने बोलवावे. लाकडाचा धागा कोणत्या दिशेने कोरावा, हे त्यांच्याइतके चांगले कोणीही सांगू शकणार नाही. संबंधित अधिकाऱ्यांनीही आपापल्या क्षेत्रातील असे कारागीर व जुने ठसे यांची यादी करून ठेवणे हितावह होईल.

दरबार उठला आणि जहाजे थांबली तेव्हा बऱ्हाणपूरच्या रंगाऱ्यापाशी कसब होते, गिऱ्हाईक नव्हते. आज गिऱ्हाईक होणे प्रत्येक मंडळाच्या हाती आहे. निमंत्रणपत्रिका कोठे छापावयाची, हा निर्णय पुढील बैठकीतच घेता येईल.