निर्वासितांची आत्मकथने आणि स्वयंरोजगार

निर्वासितांची आत्मकथने बहुधा दुःखकथने म्हणून वाचली जातात. वस्तुतः ती उपजीविकेचे दस्तऐवजही असतात. १९४७ मध्ये सियालकोटहून दिल्लीस आलेल्या धर्मपाल गुलाटी यांचे निवेदन या दृष्टीने उद्बोधक आहे. वडिलांनी दिलेल्या १५०० रुपयांतून त्यांनी ६५० रुपयांस टांगा घेतला. पुढे तो विकून करोलबागेत लाकडी खोक्याचे दुकान थाटले व मसाल्याचा पिढीजात धंदा पुन्हा आरंभिला.

‘शून्यातून उभारणी’ हे अशा कथनांचे आवडते सूत्र होय. परंतु त्यांतील तपशीलच त्या सूत्रास छेद देतो. अल्प का होईना, भांडवल होते. मालाची पारख होती. आणि ‘सियालकोटवाले’ ही ओळख जुन्या गिऱ्हाइकांचा विश्वास जागविणारी होती. घर व दुकान मागे राहिले, तरी कसब आणि नाव सीमेपार आले. टांगा हा मात्र नाइलाजाचा व्यवसाय होता. स्वयंरोजगार हा नेहमीच उद्यमशीलतेचा आविष्कार नसतो. पुष्कळदा तो नोकरीच्या अभावी पत्करलेला मार्ग असतो.

कल्याणच्या लष्करी छावणीतून १९४९ मध्ये आकारास आलेल्या उल्हासनगरातील सिंधी कुटुंबांचे उदाहरण आणखी एक बाजू दाखविते. तेथे पापड लाटणाऱ्या स्त्रियांचे श्रम हेही भांडवलच होते. आत्मकथन ‘मी’चे असते, धंदा मात्र कुटुंबाचा असतो. शिवाय ज्यांचा धंदा बुडाला, त्यांनी सहसा आत्मकथन लिहिलेले नाही. हे मौन गृहीत धरल्यावाचून या वाङ्मयावरून सामाजिक निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल.