एक्सवाय म्हणजे मुलगाच का?

प्रश्न : 17 वर्षांच्या मुलीला पाळी आली नाही. तपासणीत एक्सवाय गुणसूत्रे निघाली. ती मुलगा आहे का?
– एक पालक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. वाय गुणसूत्रावरचे, 1990 मध्ये सापडलेले एसआरवाय जनुक गर्भात वृषणे घडवते. पण त्यांच्या टेस्टोस्टेरॉनला दाद देणाऱ्या ग्राहकाचे जनुक एक्सवर असते. तेच निकामी असेल, तर वृषणे आतच राहतात आणि बाह्य शरीर मुलीचे घडते. मग अहवाल चुकीचा? नाही, तो गुणसूत्रे सांगतो, माणसाची ओळख नव्हे. मुलगी म्हणून वाढलेले बीडचे पोलीस कर्मचारी ललित साळवे यांच्यातही वाय सापडले. त्यांनी स्वतः ठरवून 2018 मध्ये मुंबईत लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली. तुमच्या मुलीबाबतही निर्णय तिचाच असावा. संप्रेरकतज्ज्ञांना दाखवा, शस्त्रक्रियेची घाई करू नका आणि तिच्यापासून काही लपवू नका.