पटकथालेखन : कल्पनेचे मोल आणि लेखकाचा हक्क

ज्ञानाधारित अर्थव्यवस्थेचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर प्रामुख्याने संगणक किंवा औषधनिर्माण ही क्षेत्रे येतात. चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका आणि इंटरनेटवरील वेबमालिका हीदेखील याच अर्थव्यवस्थेची अंगे आहेत. १९९८ साली केंद्र शासनाने चित्रपटनिर्मितीला उद्योगाचा दर्जा जाहीर केला आणि या व्यवसायाला संस्थात्मक वित्तपुरवठ्याची वाट मोकळी झाली. या उद्योगाचा पहिला कच्चा माल म्हणजे पटकथा. तथापि, हा माल पुरवणाऱ्या नवोदित लेखकाची सौदाशक्ती मात्र अत्यंत क्षीण असते. असे का होते आणि त्यावर उपाय कोणते, याचा विचार पटकथालेखनाकडे उपजीविकेचे साधन म्हणून पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने करावयास हवा.

कल्पनेच्या बाजारपेठेतील पेच

अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६२ साली माहितीच्या बाजारपेठेतील एक मूलभूत विसंगती दाखवून दिली. माहिती उघड केल्याशिवाय खरेदीदाराला तिचे मूल्य कळत नाही. आणि एकदा ती उघड केली की पैसे मोजण्याचे कारणच त्याच्यापाशी उरत नाही. निर्मात्याला कथा ऐकवणारा लेखक नेमका याच पेचात सापडतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली निकाली काढलेला आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स हा खटला या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. आनंद यांनी आपले ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक चित्रपट निर्माता-दिग्दर्शकाला ऐकवले होते. पुढे १९५६ साली ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. प्रांतीयता हा विषय दोन्हींत समान होता. तरीही न्यायालयाने आनंद यांचा दावा मान्य केला नाही. कल्पना, विषय, कथासूत्र किंवा ऐतिहासिक घटना यांवर कोणाचाही स्वामित्वहक्क नसतो. संरक्षण मिळते ते त्या कल्पनेच्या विशिष्ट अभिव्यक्तीला, हे तत्त्व या निकालाने स्पष्ट केले.

यातून व्यावहारिक धडा मिळतो तो असा, की तोंडी सांगितलेल्या कल्पनेला कायद्याचे कवच जवळजवळ नाही. प्रसंगांची मांडणी, पात्रे आणि संवाद यांसह ती जितकी तपशिलाने लिहिली जाईल, तितका लेखकाचा हक्क बळकट होतो.

कायद्याची चौकट

स्वामित्वहक्क कायदा, १९५७ अन्वये साहित्यकृतीला लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. हा हक्क लेखनासोबतच जन्माला येतो. नोंदणी सक्तीची नाही. मात्र नोंदणी केल्यास न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा उपलब्ध होतो. मुंबईतील स्क्रीनरायटर्स असोसिएशन, म्हणजेच पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन, ही कामगार संघटना कायद्याखाली नोंदलेली संस्थादेखील सभासदांच्या संहितांची नोंद करते. अशा नोंदीमुळे विशिष्ट तारखेला संहिता अस्तित्वात होती, हे दाखवता येते.

हक्काचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. करारात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांची आणि भौगोलिक क्षेत्र नमूद नसल्यास ते भारतापुरते मर्यादित मानले जाते. वेगळी तरतूद केलेली नसेल, तर हस्तांतरणापासून एक वर्षात वापर न झालेले हक्क संपुष्टात आल्याचे समजले जाते.

२०१२ सालच्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाचे पाऊल उचलले. चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज अन्य मार्गांनी कृतीचा वापर झाल्यास मिळणाऱ्या स्वामित्वधनात लेखकाचा समान वाटा राहतो. वारस किंवा स्वामित्वहक्क सोसायटी यांच्याखेरीज अन्य कोणालाही लेखक हा हक्क देऊ शकत नाही. दुर्बल पक्षाने स्वतःच्या संमतीनेही काही हक्क गमावू नयेत, हे कामगार कायद्यांतील सूत्र येथे बौद्धिक संपदेला लावलेले दिसते. अर्थात, हक्क कागदावर असणे आणि पैसे हाती पडणे यांत अंतर असते. ते अंतर कमी करण्यासाठी सामूहिक सौदाशक्तीची गरज असते.

प्रवेशाचे मार्ग

पुण्याची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था (१९६०) आणि कोलकात्याची सत्यजित राय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था (१९९५) या केंद्र शासनाच्या प्रमुख प्रशिक्षण संस्था आहेत. पुण्याच्या संस्थेने पटकथालेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रमही चालवला आहे. परंतु पदवी म्हणजे नोकरीची हमी नव्हे.

आपल्याकडे कथा, पटकथा आणि संवाद अशी श्रमविभागणी रूढ आहे. नवोदितांसाठी ती उपकारक ठरते. प्रस्थापित लेखकाचा सहायक म्हणून किंवा मालिकेचा संवादलेखक म्हणून सुरुवात करता येते. मालिकांमध्ये मोबदला बहुधा भागागणिक मिळतो, तर चित्रपटात तो हप्त्यांनी मिळतो. हप्ते चित्रीकरणाच्या प्रारंभाशी जोडल्यास निर्मितीची सारी जोखीम लेखकाच्या माथी येते. ते मसुदे सादर करण्याच्या टप्प्यांशी जोडून घेणे हिताचे असते.

उत्पन्न अनियमित असल्याने दुसरा आर्थिक आधार असणे हे कमीपणाचे लक्षण नव्हे. विजय तेंडुलकर यांनी वृत्तपत्रांत काम केले. सुमारे पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन उभारलेल्या ‘मंथन’ (१९७६) या चित्रपटाच्या पटकथेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मल्याळम लेखक एम. टी. वासुदेवन नायर ‘मातृभूमी’ साप्ताहिकाचे संपादक होते. पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना चार वेळा लाभला. दोघेही मातृभाषेत लिहिणारे होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. २०२० साली चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ या मराठी चित्रपटाला व्हेनिस महोत्सवात सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला.

समारोप

सारांश, पटकथालेखनात प्रतिभेला पर्याय नाही. परंतु केवळ प्रतिभेवर उपजीविका चालत नाही. पूर्ण संहिता लिहिणे, तिची नोंद करणे, लेखी कराराचा आग्रह धरणे, संघटनेचे सभासद होणे आणि चरितार्थाचा पर्यायी आधार राखणे ही पंचसूत्री नवोदिताने अंगीकारावी. करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी तो वाचणे, हाही लेखनाच्या अभ्यासाचाच भाग होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. कल्पना आणि अभिव्यक्ती यांतील कायदेशीर फरक आर. जी. आनंद खटल्याच्या आधारे स्पष्ट करा.

२. स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीमुळे लेखकाच्या सौदाशक्तीत कोणता बदल झाला? तिच्या मर्यादांसह चर्चा करा.