पोलिसांवरील देखरेख : नेमणूक की निवडणूक?

एखाद्या नागरिकाची फिर्याद ठाण्यात नोंदवून घेतली गेली नाही, अथवा ठाण्याच्या चार भिंतींआड त्याला मारहाण झाली, तर त्याने दाद कोणाकडे मागावी? खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, आणि तेथेही निराशा झाल्यास दंडाधिकाऱ्याकडे, हे कायद्याचे उत्तर होय. परंतु ज्या खात्याविरुद्ध गाऱ्हाणे आहे त्याच खात्याने त्याचा प्रथम निवाडा करावा, ही व्यवस्था सामान्य माणसाच्या मनात विश्वास निर्माण करू शकत नाही. कुंपणानेच शेत खाल्ल्याची शंका आल्यावर कुंपणाची साक्ष कोण मानील? म्हणूनच पोलिसांबाहेरचा, त्यांच्यावर नजर ठेवणारा अधिकारी असावा, ही कल्पना पुढे आली. असा अधिकारी सरकारने नेमावा की लोकांनी निवडून द्यावा, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे. त्याच्या अभ्यासासाठी दिल्लीइतके बोधप्रद उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

दिल्लीतील सत्तेची साखळी

1978 च्या दिल्ली पोलीस कायद्याने राजधानीत पोलीस आयुक्ताची पद्धत आली. दलावरील देखरेखीचा अधिकार या कायद्याने प्रशासकाकडे, म्हणजेच नायब राज्यपालांकडे दिला. पुढे 1991 मध्ये 69 व्या घटनादुरुस्तीने दिल्लीला विधानसभा मिळाली. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे तीन विषय तिच्या अधिकारकक्षेतून वगळण्यात आले. परिणामी दिल्लीकर मतदार 70 आमदार निवडून देतो. पण आपल्या वस्तीतील ठाण्याचा कारभार सुधारावा, असा आदेश त्यांपैकी कोणीही देऊ शकत नाही. पोलिसांचा विषय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे, आणि गृहमंत्री ज्या लोकसभेला जबाबदार आहेत तिच्या 543 जागांपैकी दिल्लीच्या वाट्याला केवळ 7 येतात.

यामागील युक्तिवाद दुर्लक्षणीय नाही. संसद, सर्वोच्च न्यायालय आणि परदेशी वकिलाती ज्या नगरीत आहेत, तेथील बंदोबस्त केंद्राच्या हाती असावा, असे अनेक विचारवंतांना वाटते. तथापि मतदार आणि ठाणेदार यांच्यामधील अंतर जितके लांब, तितकी स्वतंत्र देखरेखीची निकड अधिक, हेही तितकेच खरे. यमुना ओलांडून नोएडात गेले की उत्तर प्रदेशाचे पोलीस लागतात, आणि गुरुग्रामच्या हद्दीत हरियाणाचे. कामासाठी या तीन हद्दींतून रोज ये-जा करणाऱ्या माणसाला आपले गाऱ्हाणे कोणत्या दारी न्यावे, हे ठाऊक असणे आवश्यक ठरते.

अनुभवाने दिलेला धडा

आणीबाणीतील अत्याचारांच्या पार्श्वभूमीवर 1977 मध्ये धर्म वीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. 1979 ते 1981 या काळात त्याने आठ अहवाल सादर केले. सत्ताधाऱ्यांचा अनुचित दबाव हा पोलीस यंत्रणेचा मोठा रोग असल्याचे निदान त्याने केले. परंतु त्याच्या प्रमुख शिफारशी दीर्घकाळ कागदावरच राहिल्या.

1984 च्या नोव्हेंबरात दिल्लीत शिखांची जी कत्तल झाली, तीत सरकारी आकड्यांप्रमाणे 2,733 माणसे मृत्युमुखी पडली. पोलिसांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या कुसुमलता मित्तल यांनी 1990 मध्ये आपल्या अहवालात 72 पोलीस अधिकारी व कर्मचाऱ्यांवर ठपका ठेवला. पुढील कारवाई मात्र खात्यांतर्गत चौकशांवर सोपविली गेली आणि त्यांत अनेक जण दोषमुक्त ठरले. दोष शोधणारा बाहेरचा असला, तरी शिक्षेचा निर्णय आतल्यांच्याच हाती राहिला तर शोधाचे मोल किती उरते, याचे हे विदारक उदाहरण होय.

प्रकाश सिंह आणि एन. के. सिंह या दोन निवृत्त पोलीस महासंचालकांनी 1996 मध्ये केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी सात निर्देश दिले. त्यांपैकी एक पोलीस तक्रार प्राधिकरणाविषयी आहे. जिल्हा पातळीवर निवृत्त जिल्हा न्यायाधीश, तर राज्य पातळीवर उच्च अथवा सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष असावेत. त्यांची निवड सरकारने स्वेच्छेने न करता न्यायसंस्थेने सुचविलेल्या नावांमधून करावी. आणि प्राधिकरणाची शिफारस संबंधितांवर बंधनकारक असावी, असे न्यायालयाने सांगितले. हरियाणाने 2007 च्या, तर महाराष्ट्राने 2014 च्या कायद्याने या प्राधिकरणाची तरतूद केली. दिल्लीत 2012 मध्ये हे काम प्रथम आधीपासूनच्या सार्वजनिक तक्रार आयोगाकडे सोपविण्यात आले. 2018 मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा आदेश निघाला.

निवडणुकीचा प्रयोग

इंग्लंड आणि वेल्स यांनी नेमका उलट मार्ग चोखाळला. तेथे 2011 च्या कायद्याने प्रत्येक पोलीस क्षेत्रासाठी लोकांनी निवडून द्यावयाचा पोलीस व गुन्हेविषयक आयुक्त निर्माण झाला. लंडनमध्ये हे अधिकार महापौराकडे राहिले. पोलीसप्रमुखाची नेमणूक करणे व प्रसंगी त्याला दूर करणे, अंदाजपत्रक ठरविणे आणि कामाचा अग्रक्रम निश्चित करणे, ही त्याची कामे. कोणाला अटक करावी अथवा तपास कसा करावा, यात मात्र त्याला ढवळाढवळ करता येत नाही.

15 नोव्हेंबर 2012 रोजी पहिली निवडणूक झाली, तेव्हा सुमारे 15 टक्के मतदारांनीच मतदान केले. वेल्समधील न्यूपोर्ट येथील एका केंद्रावर तर एकही मतदार फिरकला नाही. पुढील निवडणुकांत मतदान काहीसे वाढले. तरीही 2025 च्या नोव्हेंबरात तेथील सरकारने 2028 मध्ये चालू मुदत संपताच हे पद रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला.

यावरून निवडणूक निरर्थक ठरते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. पोलिसांच्या गंभीर गैरवर्तनाची चौकशी त्या निवडलेल्या आयुक्ताकडे कधीच नव्हती. ती वेगळ्या स्वतंत्र संस्थेकडे होती. धोरणावरील देखरेख आणि वर्तनावरील देखरेख ही दोन भिन्न कामे आहेत, हे तेथे जाणले गेले. रस्त्यावर गस्त किती असावी, पैसा कोठे खर्च व्हावा, हे लोकमताने ठरावे. कोठडीतील मृत्यूला जबाबदार कोण, हे मात्र बहुमताने ठरविता येत नाही. कारण कोठडीत सापडणारा माणूस बहुधा गरीब, एकाकी आणि मतांच्या हिशेबात नगण्य असतो.

तात्पर्य

दिल्लीची उणीव या भेदातून स्पष्ट होते. धोरणाच्या बाबतीत तेथील मतदाराचा आवाज केंद्राच्या विस्तृत कारभारात क्षीण होतो. म्हणून तक्रारीच्या बाबतीत तरी त्याला हाताशी असलेले, निर्भय दार मिळणे हा त्याचा हक्क ठरतो. ते दार खरोखर उघडे आहे काय, हे चार प्रश्नांनी पारखावे. देखरेख करणाऱ्याची नावे कोणी सुचविली? त्याला मुदतीपूर्वी दूर करण्याचा अधिकार कोणाला आहे? तपासासाठी त्याच्यापाशी स्वतःची माणसे आहेत, की त्याच पोलिसांकडून त्याला अहवाल मागवावा लागतो? आणि त्याची शिफारस पाळली जाते, की फायलीत पडून राहते? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर तो अधिकारी नेमलेला आहे की निवडलेला, हा वाद गौण ठरतो; ती तशी नसतील, तर मतपेटीतून आलेला अधिकारीही ठाण्यात मार खाल्लेल्या माणसाच्या उपयोगी पडणार नाही.