सोळाशे मीटरच्या पुढे

पहाटे पाचला कोणत्याही तालुक्याच्या मैदानावर जा. उजाडायच्या आधीच मुले-मुली धावत असतात. कडेला कोणीतरी स्टॉपवॉच घेऊन उभा असतो, एका कोपऱ्यात गोळाफेकीचा सराव चाललेला असतो. २०२४च्या पोलीस भरतीत राज्यात १७ हजारांवर जागा होत्या आणि अर्ज आले १७ लाखांहून अधिक. एका जागेमागे साधारण शंभर. या मुलांना १६०० मीटरचे गुण सेकंदांच्या हिशेबात तोंडपाठ असतात. पण ‘भरती झालास, की दिवसभर काय करशील?’ असे विचारले तर बहुतेक जण गप्प होतात. कोणी म्हणतो, ‘गुन्हेगार पकडणार.’ पालकांना विचारावे, तर एकाला सरकारी नोकरीचा आधार दिसतो आणि दुसऱ्याला गोळीबार.

माझे म्हणणे एवढेच आहे, की या कामाचा मोठा भाग लिहिण्यात, वाट पाहण्यात आणि लोकांशी बोलण्यात जातो. ते ज्याला आवडेल त्याने जरूर जावे.

मंगळसूत्र हिसकावल्याचा एक गुन्हा धरू. पडद्यावर मोटारसायकलचा पाठलाग होतो आणि चोर पायाशी लोळतो. ठाण्यात मात्र थरथरणाऱ्या बाईला खुर्ची आणि पाणी देण्यापासून सुरुवात होते. ठाणे अंमलदार तिची हकीकत ऐकून घेतो, गुन्हा संगणकावर नोंदला जातो, एफआयआरची प्रत तिला मोफत द्यायची असते. मग घटनास्थळाचा पंचनामा. पंच व्हायला सहसा कोणी तयार नसते. समोरच्या दुकानदाराला कोर्टाच्या फेऱ्या नको असतात. त्याला दमदाटी न करता राजी करणे हे पोलिसी कौशल्यच आहे, आणि त्यासाठी भरतीत गुण नाहीत. त्यानंतर दुकानोदुकानी सीसीटीव्हीचे फुटेज मागायचे आणि डोळे दुखेपर्यंत पाहायचे. आरोपी सापडला, तर वैद्यकीय तपासणी करून २४ तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही करावे लागते. आरोपी कोठडीत असेल, तर अशा गुन्ह्यात ६० दिवसांत दोषारोपपत्र गेले पाहिजे. नाही गेले, तर जामीन हा त्याचा हक्क होतो.

आणि काही वर्षांनी समन्स येते. तोवर बदली झालेली असते, पंच उलटलेला असतो. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून पंचनाम्यातल्या एका वेळेवरून, एका खाडाखोडीवरून उलटतपासणी सोसावी लागते. रात्र-रात्र जागून पकडलेला चोर त्या खाडाखोडीवर सुटू शकतो. भरतीच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असते, तेव्हा मुले कुरकुरतात. त्यांना हे कोणी सांगत नाही, की नोकरीत हत्यारापेक्षा वाक्य जास्त वेळा हातात घ्यावे लागेल.

‘सिंघम’ चित्रपट २०११मध्ये आला, तेव्हा आजचे बरेच उमेदवार शाळेत होते. कायद्याच्या प्रक्रियेला अडथळा मानून झटपट न्याय देणाऱ्या अशा पोलीस नायकांमुळे चुकीचा संदेश जातो, अशी चिंता मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२३मध्ये जाहीरपणे व्यक्त केली होती. मला ती फार महत्त्वाची वाटते. हात उचलण्याच्या ओढीने खात्यात येणारा मुलगा आधी दुसऱ्याचे आयुष्य बिघडवतो आणि मग स्वतःचे.

पडद्यावर कधी न दिसणारे आणखी एक काम आहे. विहिरीत कोणी सापडते, कोणी गळफास घेते. अकस्मात मृत्यूची नोंद होते, इन्क्वेस्ट पंचनामा होतो, शवविच्छेदनगृहाच्या दारात शिपाई थांबतो. आईवडिलांना खबर देण्याची वेळही बहुधा त्याच्यावरच येते. मुलगा भित्रा आहे का, हा प्रश्न पालक मला विचारतात. मी उलट विचारतो, घरात कोणी रडत असेल तर तो त्या खोलीत थांबतो, की निघून जातो?

जिवाची भीती खोटी नाही, पण त्याहून रोजचा शत्रू आहे झोपमोड. ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती’ यांच्या २०१९च्या देशव्यापी अहवालात पोलिसांची सरासरी ड्युटी १४ तासांची निघाली. निम्म्यांना साप्ताहिक सुट्टीही मिळत नव्हती. मुंबईत २०१६मध्ये देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला, पण आठ तास सगळीकडे मिळतील असे धरून घर मांडू नये. गणपतीचे दहा दिवस घरचा गणपती दुसऱ्याने बसवायचा. हे होणाऱ्या जोडीदारालाही लग्नाआधी सांगा.

पैसे खाणारे पोलीस आहेत, हे लपवून मार्गदर्शन करता येत नाही. पण त्या रोगाची एक मुळी घरातही असते. ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला शेत गहाण टाकून पैसे देऊ नका. पैसे बुडाले तर मुलगा उघड्यावर येतो, आणि समजा नोकरी लागलीच तर पहिल्या दिवसापासून त्याच्या डोक्यात वसुली असते.

शिपायाचे मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होते, वर भत्ते. बारावीनंतर शिपाई भरती, पदवीनंतर एमपीएससीतून उपनिरीक्षक. शिपाई म्हणून लागलेल्यालाही खात्याअंतर्गत परीक्षा देऊन फौजदार होता येते. तपासाची ओढ आहे पण बंदोबस्त झेपणार नाही, अशा मुलांनी न्यायसहायक विज्ञान पाहावे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला त्याच्या शासकीय संस्था आहेत.

अर्ज भरण्याआधी मुलाला एक दिवस तालुक्याच्या कोर्टात मागच्या बाकावर बसवा. तिथे बसायला सहसा कोणाची परवानगी लागत नाही. मग घरी आल्यावर त्याला आपल्याच अंगणाचा पंचनामा लिहायला सांगा: पूर्वेला काय, पश्चिमेला काय, दारापासून नळ किती पावलांवर, उजेड कुठून येतो. तो कागद कधीच तुमच्या घरी न आलेल्या माणसाला वाचायला द्या आणि त्याला त्यावरून अंगणाचा नकाशा काढायला सांगा.